छापील यंत्रपुस्तिकेची कैफियत

यंत्राबरोबर जाडजूड पुस्तक देण्याचे दिवस आता संपले; यंत्राच्या अंगावर चिकटवलेल्या क्यूआर कोडपुढे मोबाइल धरला की हवी ती माहिती क्षणार्धात समोर येते, जी येत नाही ती व्हिडिओंच्या अफाट भांडारात सापडते, सबब कागद, शाई आणि छपाई यांवर पैसा घालणे हा केवळ जुन्या सवयीचा हट्ट होय, असे प्रतिपादन गेली काही वर्षे कारखानदारांच्या परिसंवादांत आणि तंत्रशिक्षणाविषयी अधिकारवाणीने लिहिणाऱ्या मंडळींच्या लेखांत इतक्या निश्चयाने केले जात आहे, की त्यावर कोणी हरकत घेत नाही एवढ्यावरूनच ते सिद्ध झाल्याचे गृहीत धरले जाऊ लागले आहे. माझी हरकत आहे. आणि ती मी यंत्र शिकू पाहणाऱ्या मुलाच्या वतीने नोंदवीत आहे, कारण या साऱ्या चर्चेत यंत्र विकणारा बोलतो, यंत्राचा निष्णात दुरुस्तीकार बोलतो, परंतु ज्याच्या हाती पान्हा नुकताच आला आहे त्याची बाजू मांडायला कोणीच उभे राहत नाही.

पूर्वपक्षात जे खरे आहे ते आधीच कबूल करतो. विमानाच्या देखभालीच्या पुस्तिकांत दुरुस्त्या सतत येत. बाद झालेली पाने काढून टाकायची, नवी पाने त्यांच्या जागी घालायची आणि तसे केल्याची नोंद दफ्तरी ठेवायची, हे काम वर्षभर चाले, आणि एखादे पान घालायचे राहून गेले तर त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागण्याचा संभव असे. तेथे पडदा आला हे योग्यच झाले. त्याचप्रमाणे ज्याचे अर्धे आयुष्य इंजिने उघडण्यात गेले आहे अशा मिस्त्रीला सिलिंडर हेडचा बोल्ट किती जोराने आवळायचा एवढा एकच आकडा हवा असेल, तर तो मोबाइलवर पाहून घेण्यात काडीचाही दोष नाही. परंतु या दोन्ही उदाहरणांतील मनुष्य यंत्राला आधीच ओळखतो. त्याच्या मनात यंत्राची संपूर्ण आकृती तयार आहे आणि तिच्यातील एक रिकामी जागा तेवढी त्याला भरून हवी आहे. ज्याच्या मनात ती आकृतीच अद्याप उमटलेली नाही, त्याचा प्रश्न निराळ्या जातीचा आहे, आणि डिजिटल वाचनाचे पुरस्कर्ते निष्णाताच्या सोयीवरून नवशिक्याच्या हिताचा निष्कर्ष काढतात, हीच त्यांच्या सगळ्या युक्तिवादाची मूळ चूक आहे.

लेथवर आटे पाडण्याचे काम घ्या. चकात धरलेला जॉब एकदा फिरतो तेवढ्या अवधीत हत्याराने नेमके किती सरकायचे, हे स्पिंडल आणि लीड स्क्रू यांच्यामधल्या गिअरचक्रांच्या दातांच्या प्रमाणावर ठरते. आपल्याकडील जुन्या लेथांचे लीड स्क्रू पुष्कळदा इंची मापाचे, समजा इंचाला ४ आटे असलेले. आणि पाडायचे आटे मात्र मिलिमीटरच्या मापाचे, समजा २ मिलिमीटर अंतराचे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट केली की १२७ हा पूर्णांक हाती येतो, आणि १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे लहान अवयव पाडता येत नाहीत, म्हणून १२७ दातांचे एक मोठे चक्र लेथबरोबरच्या संचात मुद्दाम ठेवावे लागते. चालक चक्र ४० दातांचे आणि चालित १२७ दातांचे लावले की २ मिलिमीटरचे आटे बिनचूक पडतात.

हा आकडा एका शिकाऊ मुलाने माझ्यादेखत मोबाइलवर शोधून काढला, तो बरोबर होता, चक्रे बसवली तीही बरोबर, आणि काम चोख झाले. दुसऱ्या दिवशी त्याला दीड मिलिमीटरचे आटे पाडायला सांगितले तेव्हा त्याने पुन्हा खिशातून मोबाइल काढला. तेच कोष्टक मी त्याच्यापुढे छापील पुस्तकातून उघडून ठेवले आणि सांगितले, की उत्तर शोधू नकोस, नुसते वरपासून खालपर्यंत वाच. १ मिलिमीटरला २०, सव्वाला २५, दीडला ३०, दोनला ४०, अडीचला ५०, तीनला ६०. आणि शेजारच्या स्तंभात मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत १२७. पाच मिनिटांनी त्याने आपण होऊन विचारले, “सर, म्हणजे या लेथवर पाहिजे ते अंतर वीसपट केलं की चालक चक्र मिळणार ना?” पुढच्या आठवड्यात कोष्टकात न दिलेले अंतरही त्याने स्वतः गणित मांडून काढले. शोधयंत्राने त्याला एक उत्तर दिले होते; पूर्ण पानाने त्याला नियम दिला.

यावर कोणी म्हणेल, की तेच पान पीडीएफच्या रूपात मोबाइलवरही असते. असते, परंतु तळहाताएवढ्या पडद्यावर ते पूर्ण दिसते तेव्हा अक्षर वाचता येत नाही, आणि अक्षर वाचता यावे म्हणून मोठे केले की स्तंभ नजरेआड होतात. यंत्राच्या चित्राची तर याहून वाईट अवस्था होते. डिझेल इंजिनाच्या इंधनपंपाचे सुटे भाग एका अक्षरेषेवर ओळीने मांडलेले, प्रत्येकाला क्रमांक दिलेला, असे जे चित्र चांगल्या पुस्तिकेत शेवटी घडीच्या पानावर दिलेले असते, ते बाहेर उलगडून ठेवले की पुस्तकाचे कोणतेही पान वाचताना डोळ्यांसमोर राहते. स्प्रिंग क्रमांक ७ झडपेच्या कोणत्या बाजूला बसते हे वाचणारा मजकुरातून चित्राकडे आणि चित्रातून मजकुराकडे जाऊ शकतो, आणि तसे जाता-येता अवयवांचा परस्परसंबंध त्याच्या ध्यानात पक्का बसतो.

ही युक्ती कोणा आधुनिक प्रकाशकाने काढलेली नाही. १५५६ मध्ये बाझल येथे प्रसिद्ध झालेल्या अग्रिकोलाच्या खाणकामावरील ग्रंथात पाणी उपसण्याच्या यंत्रांची लाकडी ठशांची चित्रे आहेत, त्यांतील भागांना अक्षरे दिलेली आहेत आणि कित्येकदा तेच भाग चित्रात खाली सुटे मांडूनही दाखवले आहेत. फ्रान्समध्ये दिदेरोने संपादिलेल्या ज्ञानकोशाचे केवळ चित्रांचे असे ११ खंड १७६२ ते १७७२ या काळात निघाले. त्यांतील पुष्कळशा पानांवर वरच्या भागात कारखान्याचे सबंध दृश्य आणि खालच्या भागात तेथील हत्यारे व अवयव अलग अलग, अशी योजना केलेली आहे. समग्र आणि अंश एकाच दृष्टिक्षेपात यावेत हा त्या रचनेचा हेतू होता, आणि बोटांनी ताणून मोठ्या केलेल्या चित्रात नेमके तेच अशक्य होऊन बसते.

प्रतिपक्षाचा एक आवडता दाखला इंग्लंडमधील हेन्स यांच्या पुस्तिकांचा आहे. मोटारींच्या दुरुस्तीच्या पुस्तिका काढणाऱ्या या प्रकाशनसंस्थेने २०२० च्या अखेरीस नव्या पुस्तिका छापणे थांबवण्याचे जाहीर केले. जिने कोट्यवधी प्रती विकल्या तीच संस्था कागद सोडते आहे, मग वादाला जागा कोठे उरली, असा सवाल केला जातो. या दाखल्याची पूर्वपीठिकाही पाहिली पाहिजे. जॉन हेन्स यांनी विद्यार्थिदशेत ऑस्टिन सेव्हन गाडीची नवी बांधणी केली आणि ती कशी केली याची पुस्तिका स्वतः काढून विकली. पुढे हवाई दलात असताना एडनमध्ये एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडी उघडून पुन्हा जोडण्याचा प्रसंग आला, तेव्हा कंपनीची अधिकृत पुस्तिका सामान्य मालकाच्या उपयोगाची नाही हे त्यांच्या प्रत्ययास आले, आणि त्यांनी प्रत्येक पायरीची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. त्यातून १९६६ मध्ये त्यांची पहिली गाडीवार पुस्तिका निघाली. गाडी संपूर्ण सुटी करायची, पुन्हा जोडायची, आणि त्या अनुभवाच्या क्रमानेच पुस्तक लिहायचे, ही त्यांची पद्धत होती. एका सामान्य मनुष्याने आरंभापासून अखेरपर्यंत केलेल्या कामाचा अखंड अनुक्रम वाचकाच्या हाती पडत असे, आणि पहिले पान व शेवटचे पान यांच्यामध्ये आपल्या गाडीविषयी लागणारे जवळजवळ सर्व काही आहे असा भरवसा त्याला वाटत असे. संस्थेने छपाई थांबवली तो व्यापाराचा हिशेब झाला. शिकणाऱ्याला त्या अनुक्रमाची गरज उरली नाही, असा अर्थ त्या निर्णयातून काढणे म्हणजे आडतीतला भाव पाहून अन्नाची आवश्यकता ठरवण्यासारखे आहे.

आता व्हिडिओ. त्याच्या बाजूने जे सर्वांत बळकट विधान करता येईल ते मीच करतो: झिजलेल्या बेअरिंगचा आवाज कोणत्याही पुस्तकाला ऐकवता येणार नाही, आणि वेल्डिंग करणाऱ्याच्या मनगटाची संथ चाल कितीही शब्द खर्चले तरी कागदावर उतरणार नाही. ध्वनी आणि गती यांच्या बाबतीत व्हिडिओ हा कागदाहून श्रेष्ठ शिक्षक आहे. परंतु यंत्राच्या कामात माप, क्रम आणि कारण या तीन बाबी ध्वनिगतीहून कितीतरी अधिक जागा व्यापतात. एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे टॅपेट लावण्याचे काम डोळ्यांपुढे आणा. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. मग लॉकनट सैल करायचा, झडपेची दांडी आणि रॉकर यांच्यामध्ये ठरलेल्या जाडीची फीलर गेजची पाती सरकवायची, आणि ती किंचित अडकत अडकत सरकेल इतपतच स्क्रू फिरवायचा. त्यानंतर स्क्रू जागच्या जागी धरून नट आवळायचा, आणि आवळताना माप हलते म्हणून पाती पुन्हा एकदा घालून पाहायची. या कामात दोन्ही हात गुंतलेले आणि दोन्ही तेलाने माखलेले असतात. शेजारी ठेवलेल्या मोबाइलचा पडदा अर्ध्या मिनिटात विझतो, तेलकट बोटाने तो धड जागा होत नाही, आणि व्हिडिओतले गृहस्थ तोवर पुढच्या झडपेवर गेलेले असतात. पिस्टन दाबाच्या फेऱ्यातच का आणायचा हे त्यांनी बहुधा सांगितलेले नसते, कारण त्यांचे लक्ष हात दाखवण्याकडे असते. आणि हे कारण ज्याला कळले नाही तो मुलगा एक दिवस पिस्टन चुकीच्या फेऱ्यात वर आणून, अर्धवट उघड्या झडपेवर माप लावून मोकळा होईल. पुस्तक उघडे पडून राहते, आणि त्याची गती वाचणाऱ्याच्या हातांच्या गतीइतकीच असते.

हे सारे माझ्यासारख्या कारखान्यात वावरलेल्या इसमाचे पूर्वग्रह म्हणून बाजूला सारावे, तर अभ्यासकांचे निष्कर्षही त्याच दिशेला जातात. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा आणि त्यांतील १,७०,००० हून अधिक वाचकांचा एकत्रित विचार करून स्पेन व इस्रायलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात कागदावरील वाचनाचे आकलन सरस आढळले. फरक फार मोठा नाही, परंतु माहितीपर मजकुराच्या बाबतीत आणि वेळेची मर्यादा असताना तो स्पष्ट होतो. आणि नवी पिढी पडद्याला सरावेल तसा हा फरक मिटेल ही जी सर्वांची अपेक्षा, तिच्या उलट त्या वर्षांत तो वाढत गेलेला दिसला. याच संशोधकांपैकी रकेफेत अॅकरमन यांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती मला अधिक महत्त्वाची वाटते: पडद्यावर वाचणाऱ्यांना आपल्याला मजकूर कळला आहे असे वास्तवाहून अधिक वाटते, आणि त्यामुळे ते अभ्यास लवकर आटोपता घेतात. इतिहासाच्या परीक्षेत या खोट्या आत्मविश्वासाने चार गुण जातील. फिरत्या चकाजवळ किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टजवळ त्याने बोटे जातात.

पुस्तिका रुक्ष असतात, त्या कोणी वाचत नाही, असाही एक आक्षेप आहे, आणि तो वस्तुतः लेखनावरील आक्षेप असून कागदाच्या माथी मारला जातो. व्हिएतनामच्या युद्धात एम १६ बंदूक ऐन चकमकीत अडकू लागली. दारूतील बदल आणि चेंबरला क्रोमचा लेप नसणे ही त्याची कारणे होतीच, परंतु बंदुकीची निगा राखण्याचे साहित्य आणि शिक्षण सैनिकांना पुरेसे मिळाले नव्हते हेही एक मोठे कारण होते. अमेरिकन सैन्याने १९६८ मध्ये सुप्रसिद्ध चित्रकार विल आयस्नर यांच्याकडून चित्रकथेच्या स्वरूपाची, खिशात मावणारी पुस्तिका करून घेतली आणि ती सैनिकांच्या हाती दिली. आपल्याकडे तर १९२० मध्येच किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली होती. नांगर आणि चरक तयार करणाऱ्या कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांसाठी मराठीत नियतकालिक काढावे आणि त्याचे पुढे महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक व्हावे, ही घटना ज्या समाजात घडली त्या समाजाला यंत्राविषयीचे वाचन कंटाळवाणेच असणार असे सांगणे मला पटत नाही. आज परदेशी बनावटीच्या पंपाबरोबर मराठी म्हणून जो मजकूर येतो, तो वाचून ज्याने कोणी अर्थ लावला असेल त्याचे कौतुक केले पाहिजे. परंतु तोच मजकूर क्यूआर कोडच्या मागे गेल्याने सुगम होत नाही. तो अधिक दुर्लक्षित मात्र होतो, कारण त्याच्यावर कोणाची नजरच पडत नाही.

मालकीचा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानतो. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाने आपल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रविधानावर एक अध्याय लिहिला आणि त्यातच स्पष्ट केले, की यंत्रांची घडण आपण सांगत नाही ती अज्ञानामुळे नसून गुप्तता राहावी म्हणून. त्या एका निर्णयामुळे ते ज्ञान कारागिरांच्या मोजक्या घराण्यांपुरते राहिले, आणि आज त्या वर्णनांवरून यंत्र उभे करणे विद्वानांनाही साधत नाही. छापखान्याने ही कोंडी फोडली होती. एकदा विकलेले पुस्तक परत घेता येत नाही, ते शेजाऱ्याला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, मुलाला वारशाने मिळते. संकेतशब्दाच्या आड ठेवलेली पुस्तिका मात्र कंपनीच्या मर्जीवर चालू राहते. वितरकाला दिसते ती मालकाला दिसत नाही, आणि उद्या कोणालाच दिसेनाशी होऊ शकते. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये डीअर अँड कंपनीवर जो दावा दाखल केला, त्यातला मुख्य आरोपच असा आहे, की ट्रॅक्टरची पूर्ण दुरुस्ती करू देणारे साधन कंपनी फक्त आपल्या अधिकृत विक्रेत्यांच्या हाती ठेवते. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि तिच्या विचारार्थ ठेवलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे होती.

युरोपीय संघाचा यंत्रांविषयीचा २०२३ चा नवा कायदा जानेवारी २०२७ पासून लागू होत आहे, आणि त्याने सूचना डिजिटल रूपात देण्यास मुभा दिली आहे, हा दाखलाही वारंवार पुढे केला जातो. तो पुढे करणारे त्या कायद्यातील पुढची कलमे सांगत नाहीत. खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाने मागणी केली तर छापील सूचना एका महिन्याच्या आत विनामूल्य दिल्या पाहिजेत; यंत्र व्यावसायिक नसलेल्या माणसाच्या हाती जाणार असेल तर सुरक्षिततेची आवश्यक माहिती कागदावरच हवी; आणि डिजिटल सूचना यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, निदान १० वर्षे, उपलब्ध ठेवल्या पाहिजेत. म्हणजे ज्या कायद्याचा हवाला कागदाविरुद्ध दिला जातो, त्याच कायद्याने कागदाचा हक्क राखून ठेवला आहे. यंत्राचे अपेक्षित आयुष्य कारखानदार ठरवतो, परंतु प्रत्यक्ष आयुष्य शेतकरी आणि मिस्त्री ठरवतात. पिंजोर येथे १९७१ पासून तयार होत असलेल्या एचएमटी ट्रॅक्टरचा विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. विभाग बंद झाला म्हणून शेतांतील ट्रॅक्टर थांबले नाहीत, आणि ज्या घरात त्याची छापील पुस्तिका पेटीत जपून ठेवलेली आहे, तेथे गिअरबॉक्स उघडण्यासाठी कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही.

उरला खर्च. लाखो रुपयांच्या ट्रॅक्टरबरोबर दोनशे पानांचे पुस्तक देणे परवडत नाही असे जो कारखानदार म्हणतो, त्याने ट्रॅक्टरच्या एका टायरच्या किमतीत किती प्रती छापून होतात हे कोणत्याही छापखान्यात विचारून यावे. माझी मागणी अशी आहे, की महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शेतीयंत्राबरोबर, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बसवलेल्या प्रत्येक यंत्राशेजारी, मराठीत नीट लिहिलेली, मिस्त्रींकडून वाचून तपासून घेतलेली छापील पुस्तिका असलीच पाहिजे, आणि तिचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. क्यूआर कोडही खुशाल असावा. नव्या दुरुस्त्या आणि इंजिनाचे आवाज त्याच्या मागे ठेवावेत. पुस्तिकेचे आवरण तेलाने न भिजणारे असावे, शिवण पक्की असावी म्हणजे ती उघडी ठेवली की उघडीच राहील, सुट्या भागांचे चित्र घडीच्या पानावर असावे, आणि शेवटी आठ-दहा पाने कोरी सोडावीत, की ज्यांवर कोणत्या तारखेला कोणते बेअरिंग बदलले, टॅपेटचे माप किती ठेवले आणि कोणत्या नटाचे आटे गेलेले आहेत, हे यंत्र चालवणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे.